नवी सुई आणि आपली लाख

 

यंदा महिला दिनाच्या पंधरा-सोळा दिवस आधी आमच्या गटाच्या बैठकीत मोठा वाद झाला. हप्ता कोणाचाच थकला नव्हता आणि दंडाचे पाच रुपयेही सगळ्यांनी भरले होते. वाद झाला तो एका सुईवरून.

आमच्या गटातल्या एका ताईच्या सासऱ्यांचा पूर्वी लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, दिवाळीनंतरची मंडई असो की झाडीपट्टीतलं नाटक असो, त्यांचा भोंगा झाडावर चढायचा आणि गाणी चार गावांना ऐकू जायची. सासरे गेले, धंदा मोडला. रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर रेकॉर्ड मात्र माळ्यावर तशाच राहिल्या. ताईने बैठकीत सुचवलं, की महिला दिनाला म्हाताऱ्या बायांना त्यांच्या काळची गाणी त्याच यंत्रावर ऐकवू. सगळ्यांनी होकार दिला. यंत्र खाली उतरवलं, पुसलं, वीज जोडली. चकती फिरायला लागली. पण सुई तुटलेली होती, आणि सुई ज्या छोट्या डबीत बसते ती डबी, म्हणजे कार्ट्रिज, तीही खराब झाली होती.

नागपूरहून नवी कार्ट्रिज मागवली. साडेअकराशे रुपये लागले. गटाच्या कार्यक्रम खर्चातून दिले, रजिस्टरमध्ये नोंद केली. बसवली, रेकॉर्ड लावली, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. ढोलकीचा घुमार नाही. गाणारणीने 'स' किंवा 'श' म्हटलं की कापड टरकन फाटल्यासारखा आवाज. गाणं कुठूनतरी पत्र्यामागून आल्यासारखं वाटत होतं. "एवढ्या पैशात दोन बायांना कोंबडीची पिल्लं आली असती," एकीने सुनावलं. दुसरी म्हणाली, "परत करा, फसवलं आपल्याला." नोंद आम्हीच केलेली, त्यामुळे मान खाली घालून आम्हीच बसलो होतो.

सावलीच्या बाजारात रेडिओ, टेप दुरुस्त करणारे एक म्हातारे भाऊ आहेत. त्यांच्याकडे यंत्र घेऊन गेलो. त्यांनी कान लावून ऐकलं आणि हसले. म्हणाले, "सुई चांगली आहे. नवी आहे एवढंच. तिला वाजू द्या. रुळली की गाईल."

सुईला रुळावं लागतं, हे आम्हाला नवीनच होतं. मग आम्ही पुस्तकं चाळली, जाणत्यांना विचारलं, आणि एका सुईमागे एवढा मोठा इतिहास निघाला, की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. त्यात आपल्या जंगलाचा इतिहास आहे आणि बायांचाही आहे.

आधी ही सुई काम कशी करते ते बघू. रेकॉर्डवर बारीक खाच असते. वरून बघितलं तर पुष्कळ गोल रेघा दिसतात, पण ती एकच लांब खाच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. तिच्या भिंती सरळ नसतात. गाणाऱ्याचा आवाज जसा थरथरला तशा त्या वाकड्यातिकड्या झालेल्या असतात. सुई त्या खाचेतून चालली की तीही तशीच थरथरते. सुईचं टोक हिऱ्याचं किंवा नीलमासारख्या कठीण दगडाचं असतं. ते एका बारीक काडीवर बसवलेलं असतं आणि ती काडी रबराच्या छोट्या तुकड्याने धरून ठेवलेली असते. काडी हलली की डबीतलं चुंबक आणि तारेचं वेटोळं मिळून अगदी थोडी वीज तयार होते. काही डब्यांत चुंबकाऐवजी, दाब पडला की वीज देणारा तुकडा असतो. ती वीज वाढवून भोंग्यात सोडली की गाणं ऐकू येतं.

आता नव्या डबीत ते रबर ताठ असतं. नवी चप्पल पायाला चावते ना, तसं. काडीला मोकळं हलता येत नाही, म्हणून ढोलकीचे मोठे हेलकावे तिला जमत नाहीत आणि 'स'-'श'ची बारीक थरथर फाटते. काही तास वाजवलं की रबर सैल होतं. बरेच जाणकार वीस ते पन्नास तास सांगतात. काहीजण असंही म्हणतात, की निम्मी सुई रुळते आणि निम्मा आपला कान रुळतो. दोन्ही खरं असेल. नवी सूनही घरात अशीच रुळते, आणि तिच्यासोबत घरही रुळतं.

हे झालं आजच्या सुईचं. आपल्या आज्यांच्या काळची सुई वेगळी होती आणि तिचं रुळणंही वेगळं होतं.

आवाज पकडून परत ऐकवायचं यंत्र पहिल्यांदा अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी 1877 साली केलं. त्यात नळकांड्यावर गुंडाळलेल्या पातळ पत्र्यावर सुई चालायची. पुढे दहा वर्षांनी, 1887 साली, एमिल बर्लिनर यांनी नळकांड्याऐवजी सपाट थाळीची कल्पना आणली. थाळीचा मोठा फायदा असा, की एकदा साचा केला की तिच्यासारख्या हजारो थाळ्या छापता येतात, जशा साच्यातून करंज्या. ग्रामोफोन म्हणतात तो हाच. चावी द्यायची, थाळी फिरायची, आणि मोठ्या कर्ण्यातून गाणं बाहेर यायचं. वीज लागतच नव्हती.

आपल्या देशात या थाळीवर गाणं भरायला 1902 साली फ्रेड गायसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्याला आला. आता विचार करा, कोण गायलं असेल? त्या काळातले बरेच मोठे उस्ताद या यंत्राला बिचकत होते. आपली विद्या तीन मिनिटांत कशी मावणार, ती कोणाच्याही हाती जाईल, अशी त्यांना भीती. पुढे आल्या त्या बाया. त्याही कोण, तर गाऊन-नाचून पोट भरणाऱ्या बाया, ज्यांना समाज आपल्या घरात बसवून घेत नव्हता. त्यांच्यातली सगळ्यात गाजलेली गौहरजान. नोव्हेंबर 1902 मध्ये तिने कर्ण्यात तोंड घालून गाणं भरलं. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गळ्याच्या जोरावरच सुई हलवायची होती. गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगायची. कारण थाळ्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हर शहरात. तिथल्या कारागिरांना कळायला हवं, की हे कोणाचं गाणं आहे. बायांनो, एका बाईने स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने थाळीवर कोरून ठेवलं, ते वर्ष 1902. आपल्यातल्या कितीतरी जणी गटात पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा स्वतःचं पूर्ण नाव सांगताना अडखळल्या होत्या. आम्हीही अडखळलो होतो.

1908 साली कलकत्त्यात सियालदहला थाळ्या छापायचा कारखाना निघाला. मग हिंदुस्थानातल्या थाळ्या हिंदुस्थानातच निघू लागल्या. पुढे तो कारखाना दमदमला गेला. कुत्रा कर्ण्यासमोर बसलेला आहे, ते चित्र तुमच्यापैकी काहींनी जुन्या घरात पाहिलं असेल.

त्या काळच्या ग्रामोफोनची सुई पोलादाची असायची. टाचणीसारखी, थोडी जाड. शंभर-दोनशे सुया भरलेली रंगीत पत्र्याची डबी यायची. जुन्या लोकांच्या घरी अजून त्या डब्यांत बटणं नाहीतर औषधाच्या गोळ्या ठेवलेल्या दिसतात. नियम असा होता, की थाळीची एक बाजू वाजली की सुई फेकायची आणि दुसऱ्या बाजूला नवी लावायची. एवढ्या सुया कशाला, असं आम्हाला वाटलं. त्याचं उत्तर थाळीत आहे.

ग्रामोफोनचं मुंडकं सुईवर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचं. आजची सुई दोन-पाच ग्रॅमने चालते. एवढ्या भाराने पोलादाचं नवं टोक खाचेत घुसलं, तर खाच ओरबाडणार. म्हणून थाळी बनवतानाच तिच्यात दगडाची बारीक भुकटी मिसळायचे. थाळीच्या पहिल्या काही फेऱ्यांत ही भुकटी सुईचं टोक घासायची आणि खाचेच्या मापाचं करून टाकायची. पाट्यावर विळा घासतो तसं. म्हणजे त्या काळी सुई रुळायला पन्नास तास लागत नव्हते. ती पहिल्या काही क्षणांत रुळायची आणि तीन मिनिटांत झिजूनही जायची. झिजलेली सुई परत वापरली तर तिच्या धारदार कडा खाच कापायच्या. थाळी वाचवायची तर सुई बदलायची. ज्यांना थाळी जास्त जपायची होती ते पोलादाऐवजी बांबूची किंवा निवडुंगाच्या काट्याची सुई लावायचे. बांबूच्या सुईचा आवाज हळू यायचा, पण थाळी कमी झिजायची. टोक बोथट झालं की बारीक कात्रीने परत कापायचं. आपल्या जिल्ह्यांत बांबू काय कमी आहे? पण बांबूच्या सुईतून गाणं ऐकतात, हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

आता थाळीची गोष्ट, आणि इथेच आमच्या गटात ती घटना घडली.

ताईच्या पेटीत बहुतेक रेकॉर्ड प्लास्टिकच्या होत्या, पण दोन जड, काळ्या, जुन्या थाळ्या होत्या. कधीतरी एका मालगुजाराच्या वाड्यातलं सामान विकलं गेलं, तेव्हा सासऱ्यांनी त्या घेतल्या होत्या म्हणे. पेटी उतरवताना एक थाळी खाली पडली आणि खापरासारखी फुटली. ताई रडकुंडीला आली. आमच्या गटात ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. माहेर त्यांचं कुरखेड्याकडचं, जंगलातलं. त्यांनी एक तुकडा उचलला, बोटाने चोळला, नाकाशी नेला. मग चुलीतला एक निखारा मागवला आणि तुकड्याची कड त्यावर धरली. धूर निघाला. आजी एकदम म्हणाल्या, "हे तं लाख होय!"

आम्हाला खरं वाटेना. पण आजींचं नाक खरं होतं. 78 फेऱ्यांच्या त्या जुन्या थाळ्या लाखेच्याच असायच्या. सगळी थाळी लाखेची नसते. दगडाची भुकटी, काळेपणासाठी काजळी आणि मजबुतीसाठी कापसाचे बारीक तंतू, हे सगळं धरून ठेवणारा माल म्हणजे लाख. गरम केली की मऊ होते, साच्यात दाबली की अगदी बारीक खाचही उचलते, थंड झाली की कडक. गाणं छापायला त्या काळी याहून चांगलं काही नव्हतं.

लाख म्हणजे काय हे जंगलाकडच्या बायांना सांगायला नको. पण सगळ्यांसाठी सांगतो. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. लाख मुख्यतः मादी करते. ती एकदा फांदीला चिकटली की जन्मभर तिथून हलत नाही. झाडाचा रस पिते आणि अंगाभोवती लाखेचं घर बांधत राहते. पळसावरच्या आणि बोरीवरच्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुमावरच्या लाखेला कुसुमी. फांद्या तोडायच्या, त्यांवरची लाख खरडायची, ही काडीची लाख. ती कुटून, धुवून होते ती दाणा लाख. दाणा लाख वितळवून, ताणून, पातळ पापड केला की चपडा. सुतार पॉलिशसाठी आणतो तोच हा चपडा. पायाला लावायचा अळता या लाखेच्याच लाल रंगाचा. महाभारतात पांडवांना जाळायला बांधलेलं लाक्षागृह म्हणजे लाखेचं घर. हे नाव आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलो, पण गाण्याच्या थाळीशी त्याचं नातं आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जगाला लागणारी बहुतेक लाख आपल्याच देशातून जायची. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, बंगालकडची जंगलं आणि आपल्याकडे गडचिरोली-गोंदियाचा भाग, हा सगळा लाखेचा पट्टा. 1924 साली रांचीजवळ नामकुम इथे लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, इतकं लाखेला महत्त्व होतं. दुसऱ्या महायुद्धात लाख युद्धाच्या कामाला लागली आणि बाहेर जाणाऱ्या मालाची वाट अडली. तेव्हा, 1942 साली, अमेरिकेत सरकारने रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर मोठं बंधन घातलं. लोक घरातल्या जुन्या थाळ्या मोडीत देऊ लागले, म्हणजे त्या वितळवून नव्या करता येतील. जंगलातली एक फांदी खरडणारी बाई आणि अमेरिकेतलं गाणं, दोन्ही एकाच धाग्याला बांधलेली होती. त्या बाईला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

आजींनी आम्हाला सांगितलं, "लगन व्हायच्या आधी आमी लाख खरडो. बोटं फुटत. बाजाराच्या दिवशी व्यापारी तोलून घे. मीठ, तेल, थोडे पैसे दे. पुढं ते कुठी जाते, आमाले कोन सांगते?" मग फुटक्या तुकड्याकडे बघत म्हणाल्या, "गान्यात गेली का मग आमची लाख?"

आजींची लाख नेमकी याच थाळीत गेली, असं कोणी म्हणू शकणार नाही. पण अशाच हातांनी खरडलेल्या लाखेतून त्या थाळ्या झाल्या, हे खरं आहे.

त्या थाळ्यांवर आपल्या मराठी मुलखातल्या बायाही गायल्या. सुंदराबाई जाधव यांच्या थाळ्या घरोघर वाजत. 1919 सालच्या 'एकच प्याला' नाटकाच्या पदांच्या चाली त्यांच्याच. त्या चालींवर बालगंधर्व गायले आणि महाराष्ट्र वेडा झाला. हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 सालचा, मिरजेचा. बायांनी तिकीट लावून सर्वांसमोर बैठक मारून गाणं हे महाराष्ट्रात ज्यांनी रुजवलं त्यांत त्या पहिल्या. त्यांच्याही थाळ्यांनी शास्त्रीय गाणं मैफलीत जाऊ न शकणाऱ्या बायांच्या घरापर्यंत नेलं. थाळीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची. तासभर रंगणारा राग तेवढ्यात मांडायचा, म्हणजे पायलीभर धानाचा भात वाटीत वाढण्यासारखं. तरी त्यांनी मांडला.

आपल्या सावलीचाही या काळाशी संबंध आहे. 1936 साली गांधी सेवा संघाची सभा सावलीत भरली होती, गांधीजी इथे आले होते. सावली तेव्हा खादीच्या कामाची जागा होती. त्याच गांधीजींनी पाच वर्षांपूर्वी, 1931 साली, लंडनमध्ये ग्रामोफोनच्या थाळीसाठी देवाविषयी भाषण वाचलं होतं. तो आवाज आज आपण ऐकू शकतो. पण ज्या बाया सावलीत सूत कातत होत्या, त्या कातताना काय गुणगुणत होत्या, ते आम्ही कधी ऐकलं नाही.

1948 साली अमेरिकेत प्लास्टिकची, हळू फिरणारी मोठी रेकॉर्ड निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांच्या वर गाणं मावायचं. खाच अगदी बारीक झाली, दगडाची भुकटी गेली, लाखही गेली. बारीक खाचेला पोलादाची सुई चालेना, म्हणून नीलमाची आणि हिऱ्याची टोकं आली. ती शेकडो तास टिकतात. त्यांच्यासोबत आली ती रबराने धरलेली काडी, आणि आमच्या वादाचं मूळ, म्हणजे नवी सुई रुळेपर्यंतचे ते तास. आपल्या देशात मात्र 1960 नंतरही बरीच वर्षं लाखेच्या थाळ्या निघत राहिल्या, कारण खेड्यांत वीज नव्हती आणि चावीचे ग्रामोफोन चालू होते. मग बॅटरीवरचे रेकॉर्ड प्लेअर आले, आणि ताईच्या सासऱ्यांसारखे भोंगेवाले आले.

आता एका नव्या कोऱ्या सुईची गोष्ट सांगतो, जी अजून कोणी वाजवलेलीच नाही. गोव्यातल्या केरी गावात 1892 साली जन्मलेल्या केसरबाई केरकर या फार मोठ्या गायिका. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक थाळी ठेवली. पृथ्वीवरचे आवाज आणि जगभरचं निवडक संगीत तिच्यावर आहे. त्यात हिंदुस्थानातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. थाळीसोबत कार्ट्रिज आणि सुई दिली आहे, आणि झाकणावर खुणांनी दाखवलं आहे, की सुई कुठे टेकवायची आणि थाळी किती वेगाने फिरवायची. पहिलं व्हॉयेजर 2012 साली सूर्याच्या वाऱ्याच्या कक्षेबाहेर गेलं आणि अजून पुढेच जात आहे. केसरबाई त्याच 1977 सालच्या सप्टेंबरात वारल्या. कोणाला ती थाळी सापडलीच, तर त्यांनाही पहिल्यांदा फाटका आवाज येईल का, असं आमच्या गटात एकीने विचारलं. आम्ही सगळ्या हसलो, पण उत्तर कोणाला देता आलं नाही.

आता आमची सुई आम्ही कशी रुळवली ते सांगतो, कोणाच्या घरी असं यंत्र असेल तर कामाला येईल. दुरुस्तीवाल्या भाऊंनी सांगितलं तसं केलं. एक साधी, आधीच झिजलेली प्लास्टिकची रेकॉर्ड निवडली, आवडतीची नाही. रोज दोन-तीन तास ती वाजवली, भांडी घासताना, तांदूळ निवडताना. यंत्र सपाट पाटावर ठेवलं, कारण कलतं असेल तर सुई खाचेच्या एकाच भिंतीला घासते. आवाज दबका येतो म्हणून सुईवर नाणं ठेवायचा मोह झाला, तो आवरला. जास्त भाराने सुई लवकर रुळत नाही, उलट खाच खराब होते. सुईच्या टोकाला धूळ बसली की मऊ ब्रशने मागून पुढे हळूच झाडली, बोट लावलं नाही. आणि एक महत्त्वाचं. लाखेच्या थाळीची खाच रुंद असते, प्लास्टिकच्या रेकॉर्डची बारीक. आमच्या कार्ट्रिजला दोन टोकं आहेत, फिरवून बदलायची. बारीक टोक लाखेच्या थाळीवर टेकवलं तर ते तळाशी घसरतं आणि नुसती खरखर येते.

सातव्या-आठव्या दिवशी ढोलकी ऐकू आली. ज्या ताईने पिल्लांचा हिशेब काढला होता, तिनेच आधी ओळखली. तेराव्या दिवशी 'स' आणि 'श' फाटायचे थांबले. त्या बैठकीत रजिस्टरमधल्या साडेअकराशेच्या नोंदीवर सगळ्यांनी सह्या केल्या. तीन जणींनी, ज्या एरवी अंगठा देतात, त्या दिवशी नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली, पण आली.

आठ मार्चला उरलेली दुसरी लाखेची थाळी लावली. सुईचं रुंद टोक फिरवून घेतलं. आधी खरखर आली, मग तिच्यातून एका बाईचा आवाज वर आला. कोण गात होती ते कळलं नाही, थाळीवरचा कागद केव्हाच गळून पडला होता. पडवीत पन्नास-साठ बाया होत्या, कोणी हललं नाही. आजी पुढेच बसल्या होत्या. तीन मिनिटांनी गाणं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "नाव नाई सांगितलन् का तिनं?"

त्या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस विचार करतो आहोत. वनहक्क कायदा 2006 साली झाला. त्यात गौण वनउपजाची जी यादी आहे, तिच्यात बांबू, मध, मेण, तेंदूपत्ता यांच्यासोबत लाखेचं नाव लिहिलेलं आहे. म्हणजे गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क पात्र वनवासी कुटुंबांना आणि गावाला आहे. ज्या गटांच्या गावात पळस-कुसुम आहेत, त्यांनी ग्रामसभेत हा विषय जरूर काढावा. ते मालाचं झालं. आवाजाचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून फिरून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या, म्हणून त्या बायांचे शब्द राहिले. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांची गाणी अजून त्यांच्या गळ्यातच आहेत.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे. आता थाळी लागत नाही, लाख लागत नाही, सुईही लागत नाही. रेडिओच्या ताईंकडे यंत्र आहे. पुढच्या गुरुवारी कुरखेड्याच्या आमच्या आजी लाख खरडताना म्हणायचं गाणं याच रेडिओवर म्हणणार आहेत. त्या पहिल्यांदा माईकसमोर बसतील. आवाज फाटेल, अडखळेल. आम्ही रोज दुपारी त्यांच्या पडवीत बसून म्हणवून घेतो आहोत. गाणं संपलं की पूर्ण नाव सांगायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं आहे. गावाचंही आणि माहेरचंही.

तुमच्या गटातही अशी आजी असेल. तिच्याजवळ बसा. बरं, निघतो आता, बैठकीची वेळ झाली. राम राम.